नावानिशी स्वागत

"काळी गाडी. वकीलसाहेब, एकटेच. उजव्या हातात काठी आहे," कानातल्या यंत्रातून आवाज आला.

मेजरने दोन पावलं पुढे टाकली, गाडीचं दार उघडलं आणि म्हणाला, "या वकीलसाहेब. काठी घ्यावी लागली म्हणायची. गुडघा का?"

वकीलसाहेब खूश होऊन आत गेले. चाळीस मजली आलिशान हॉटेल, रोज शेकडो माणसांची ये-जा, आणि दारातला माणूस आपल्या गुडघ्याची चौकशी करतो म्हटल्यावर कोण खूश होणार नाही?

मेजर सैन्यात कधीच नव्हता. झुपकेदार मिशा आणि सोनेरी बटणांचा कोट बघून कुणीतरी मेजर म्हटलं आणि ते चिकटलं. तो दरवान होता, एकोणतीस वर्षं याच दारावर. आज शेवटचा दिवस. चार वाजता कोट उतरवायचा होता.

तोवर पकडलं जायचं नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. गेली सहा वर्षं मेजरला माणसांचे चेहरे दिसत नव्हते. उजेड कळायचा, ढोबळ आकार कळायचे, बाकी सगळा आनंद. डॉक्टरांनी हात टेकले होते. हे घरी बायकोला ठाऊक होतं आणि हॉटेलात फक्त एकीला, तळघरातल्या टेलिफोन ऑपरेटरला.

तिला कळलं तेही मजेशीरच. नजर जाऊ लागली त्या वर्षी हॉटेलात कपड्यांचं प्रदर्शन होतं. मेजरने पोर्चमध्ये उतरलेल्या एका बाईला कडक सलाम ठोकला, दार धरून उभा राहिला आणि प्रवास कसा झाला म्हणून दोनदा विचारलं. बाई प्लास्टिकची होती. ऑपरेटर नेमकी तेव्हाच कामावर येत होती. ती आधी पोट धरून हसली, मग एकदम गप्प झाली आणि त्याला कोपऱ्यात घेऊन गेली. दारात उभं राहण्यापलीकडे आपल्याला काही येत नाही, नजर गेल्याचं कळलं तर उद्याच घरी बसवतील, आणि घरी बसलो की मी संपलो, असं तो तिला आडपडदा न ठेवता म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून कानात तिचा आवाज सुरू झाला. तुम्ही फक्त उभे राहा, कोण येतंय ते मला खाली कळतं, असं तिने सांगितलं. पोर्चमधल्या कॅमेऱ्याचं चित्र तिच्या टेबलावर दिसत असणार, हे मेजरने गृहीत धरलं.

सहा वर्षांत एकदाही गल्लत झाली नाही. उलट मेजरचा लौकिक वाढला. लोक म्हणत, याच्या नजरेतून मुंगीही सुटत नाही. मेजर मिशीवरून हात फिरवायचा आणि मनातल्या मनात तळघराला हात जोडायचा.

तशी अलीकडे सगळीच मंडळी शहाणी झाली होती. गाड्या बरोबर त्याच्या पुढ्यात येऊन थांबायच्या. पूर्वी मान वर न करता आत जाणारे पाहुणे आता उतरता उतरता आपणहून दोन शब्द बोलायचे. मॅनेजरने पायऱ्यांच्या कडांना जाड पिवळ्या पट्ट्या मारून घेतल्या होत्या, पाहुण्यांच्या सोयीसाठी म्हणे. वय वाढलं की मोठ्या माणसांनाही नम्रता येते, असं मेजरचं ठाम मत झालं होतं.

साडेतीनला बदलीचा दरवान आला, तेव्हा मेजर तळघराकडे निघाला. जिन्याच्या धास्तीने तो सहा वर्षांत खाली गेलाच नव्हता. आज भिंतीला हात लावत, एकेक पायरी चाचपत उतरला. काखेत बायकोने विणलेला स्वेटर होता. खाली फार गारठा असतो, असं ऑपरेटर एकदा बोलली होती. काय बोलायचं याची सकाळी चहा पिताना बायकोसमोर तालीमही झाली होती. ती सगळी वाक्यं जिना उतरेपर्यंत साफ विसरली.

ऑपरेटरने त्याला हाताला धरून आपल्या खुर्चीत बसवलं. सांगितलं असतं तर मीच वर आले असते, म्हणाली.

"नाही पोरी, आज मीच यायला हवं होतं," मेजर म्हणाला. "सहा वर्षं तुझ्या डोळ्यांनी बघितलं मी. ताठ मानेने उभा राहिलो, ते तुझ्यामुळे. एवढ्या मोठ्या हॉटेलात तू एकटीने माझी लाज राखलीस, कुणाला पत्ता लागू दिला नाहीस. तुझे उपकार मी कधी विसरणार नाही."

त्याने स्वेटर तिच्या हातात ठेवला. स्वेटरची घडी तिने उगाच उलगडली आणि पुन्हा घातली.

मेजरने नाक पुसलं. तुझ्या त्या स्क्रीनलाही एकदा हात लावून जातो, म्हणाला, आणि टेबल चाचपू लागला. हाताला टेलिफोन लागला, एक वही, पाण्याची बाटली, आणि मग थेट भिंत.

"स्क्रीन नाहीये काका," ती म्हणाली. "इथे कधीच नव्हता."

"मग तुला दिसायचं कसं?"

तेवढ्यात टेलिफोन वाजला. ती क्षणभर थांबली. मग तिने रिसीव्हर न उचलता स्पीकरचं बटण दाबलं. आवाज डॉक्टरबाईंचा होता. दर आठवड्याला येणाऱ्या, दर वेळी मेजर ज्यांना नावानिशी आत सोडायचा त्या.

"वळणावर आहोत, पाच मिनिटांत पोचतो. पांढरी गाडी, माझा निळा कोट, आणि आज सोबत नातही आहे. मागच्या गाडीत न्यायाधीशसाहेब आहेत, ते आपला फोन वेगळा करतीलच. मेजरना सांगून ठेवा. आणि आम्ही कळवतो हे नेहमीप्रमाणे त्यांना कळू देऊ नका हं."