भाड्याचं माहेर

तिघांचा धंदाच तो. भाड्याचं घर घ्यायचं, आई-बाबा आणि लाडकी लेक म्हणून राहायचं आणि बरं स्थळ बघून लेकीला उजवायचं. चार दिवसांनी लेक सासरचे दागिने घेऊन बस स्टँडवर हजर! रक्ताचं नातं सोडाच, तिघं एका गावचीही नव्हती.

दर पाठवणीला आई डोळ्यांखाली बाम चोळून रडायची. या वेळी डबी घरीच राहिली, तरी बाईचं रडणं थांबेना.

"अहो, पोरीशिवाय घर खायला उठतंय."

"नाटक पुरे," म्हणत बाबांनी स्वतःचेच डोळे पुसले.

चौथ्या दिवशी ठरलेली बस सुटायची वेळ झाली, तरी पोरगी स्टँडवर आली नाही. म्हणजे पकडली गेली. अशा वेळचा नियम पक्का होता: सिम मोडायचं, गाव सोडायचं, मागे वळून बघायचं नाही. तोंडात पदर कोंबून आई बसमध्ये चढली.

दुसऱ्या दिवशी पोरगी सासूला घेऊन माहेरी आली. कपाटाची किल्ली सासूनेच विश्वासाने हातात दिली होती, मग आदल्या दिवशी तापाने फणफणलेल्या त्या बाईला टाकून तिचा पाय निघाला नव्हता; सकाळी ताप उतरला, तशा दोघी निघाल्या. आता सासरीच नांदायचं, आई-बाबांनाही हा धंदा सोडायला लावायचा, असं ठरवूनच ती आली होती.

दाराला कुलूप. फोन बंद.

"गेले असतील जवळपास कुठे," सासू म्हणाली. "थांबू या, येतील की."

पोरगी पायरीवर बसली.



मागे वळून बघायचं नाही, हा नियम तिनेच घालून दिला होता.