बाभळीचा मुलूख

पारा एकशे एकवर जाऊन थांबला. ताराबाईने थर्मामीटर झटकून पुन्हा वच्छीच्या काखेत धरला. पुन्हा तेवढाच. तिने लंगोट चाचपला. पहाटे बांधलेला, अजून कोरडा.

पाच महिन्यांची पोर रडतही नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं.

बालसंगोपनाचं इंग्रजी पुस्तक शेजारी उघडं पडलं होतं. अंग तापल्यास खिडक्या लावून घ्याव्यात, पोटाला फ्लॅनेलचा पट्टा, अंगात फ्लॅनेलचं झबलं. पुण्याला कॉलेजात शिकलेल्या ताराबाईने त्यातली एकही ओळ गाळली नव्हती. पारा चढला तशी तिने वरून शालही गुंडाळली होती. बाहेर शिरूरची वैशाखातली दुपार. डॉक्टर बीडला, बारा कोस. तिचे यजमान त्रिंबकराव बैलगाडी जुंपून आणायला गेले होते. एवढ्या उन्हात पोर तिथवर पोचेल का, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नव्हतं.

दार लोटून रतनबाई आत आली. शेळीचं दूध घालायला रोज येणारी धनगरीण. तांब्या ठेवला आणि उंबऱ्याशीच अडली. जमिनीवर दारापासून भिंतीपर्यंत, मांजरपाटावर रंगवलेला जगाच्या हवामानाचा नकाशा वाळत घातला होता. त्रिंबकराव शाळेत भूगोल शिकवत. उद्या तपासणीला साहेब यायचे होते, म्हणून महिनाभर खपून त्यांनी तो केला होता.

कडेकडेने येऊन तिने वच्छीकडे पाहिलं.

"लेकराला कावून असं करकचून बांधलंय, माय?"

"ताप आहे तिला. पुस्तकात सांगितलंय."

रतनबाईने झबल्याला हात लावला आणि तिचा पदर तोंडाशी गेला. "आगं, ही तर लोकर हाय! उनाळा लागला का आमी मेंढीच्या बी अंगावर ठिवत न्हाई. मेंढी परवडली म्हनायची तुझ्यापरीस!"

"मोठ्या डॉक्टरांनी लिहिलंय ते, रतनबाई."

"आसंल. कोन्या मुलखाचा हाय त्यो?"

"इंग्लंडचा."

"तितं बाभळ येती का?"

ताराबाईला वाटलं, बाईचं काहीतरीच. "बाभळीचा काय संबंध?"

"आमी नव्या रानात गेलो का आदी झाडं बगतो. बाभळ, हिवर दिसला का मेंढरं उतरायची. लई हिरवं, चिखलाचं रान आसलं, तर खुरं सडत्यात. मेंढरं तीच आसत्यात, माय. रान येगळं."

ताराबाईची नजर नकाशाकडे गेली. महिनाभर रोज संध्याकाळी रंग कालवताना त्रिंबकराव हेच सांगत होते. एका जर्मन शास्त्रज्ञाने नुसता पारा आणि पाऊस नाही मोजला, आधी कुठे काय उगवतं ते पाहिलं. त्यावरून हवामानाप्रमाणे जगाचे पाच भाग केले. ती 'हं, हं' करत वच्छीला झोपवत असे.

पोरीला घेऊन ती नकाशावर गुडघ्यांवर बसली. इंग्लंड शोधलं. हिरवं. तिथून बोट सरकवत सरकवत इकडे आणलं. घाटाची गर्द हिरवी पट्टी ओलांडली की पिवळं. बाभळीचं पिवळं. बीडच्या जागी त्रिंबकरावांनी शाईचा बारीक ठिपका दिला होता.

मग तिचे हात भराभर चालले. शाल, झबलं, पट्टा, लंगोट. पोटावर पट्ट्याचे लाल वळ उठले होते. ते पाहून तिला हुंदका आला.

"रड मागून," रतनबाई खिडकी उघडत म्हणाली. "आदी अंगावर पाज."

वच्छी दोनदा तोंड फिरवून तिसऱ्यांदा लागली. रतनबाई ओल्या धडप्याने तिचे हातपाय पुसत राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. ताराबाई फक्त श्वास मोजत होती. वच्छीचे डोळे मिटले, तेव्हा तिने तिला तिथेच, कापडावर, उघडी निजवली.

घुंगरांचा आवाज दारात थांबला. त्रिंबकराव घामाने निथळत आत आले. "चला, गाडी..." आणि थबकले. "अगं, नकाशावर?"

"हळू बोला." तिने थर्मामीटर उजेडाकडे धरला. पारा नव्याण्णवाच्या जरासा वर होता. "ऊन उतरेपर्यंत थांबू या. बैल सोडायला सांगा."

त्रिंबकराव खाली वाकले. वच्छीने झोपेतच पाय झाडले. तिच्या अंगाखालून एक ओल निघाली, बीडचा ठिपका बुडवून पिवळ्यात पसरली, घाटापर्यंत गेली. खळीत कालवलेला पिवळा रंग हिरव्यात मिसळायला लागला.

त्यांचा हात तिला उचलायला पुढे झाला.

ताराबाईने तो मनगटाला धरला. ती रडत होती आणि हसत होती.

"राहू द्या," ती म्हणाली. "पहाटेपासून कोरडी होती. होऊ द्या तिचं."