गोळीनंतरचे बाबा

"अहो, गोळी घेतलीत का?"

शिलाई मशीनच्या पोटात हात घालून बसलेल्या बाबांनी मान वर केली. आईने असं अवेळी विचारलं की पाठोपाठ वाईट बातमी येते, हे एव्हाना त्यांना पाठ झालं होतं. आईच्या मागे, दुकानाच्या दारात, लेक उभी होती. भर दुपारी, सासरहून एकटी.

"घेतली. बोला आता," ते म्हणाले.

सगळी गल्ली त्यांना तोफखाना म्हणायची. गिऱ्हाईकाने भलतीच सुई लावून मशीन बिघडवलं, तरी त्यांचा आवाज कोपऱ्यापर्यंत जायचा. लेकीला शाळेत कुणी ढकललं की हे तडक त्या मुलाच्या घरी. तेव्हा तिला त्या आरड्याओरड्याने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आज मात्र वाटभर ती त्याचीच आस धरून आली होती.

"बाबा, त्याने माझ्यावर हात उचलला. पहिल्यांदा नाही. मी परत जाणार नाही."

आईने तोंड फिरवलं. बाबांनी तेलकट हात फडक्याला पुसले, एकेक बोट, सावकाश.

"जेवलीस का?"

"बाबा, मी काय सांगतेय!"

"ऐकलं. परत जायचं नाही." मग आईकडे वळून, "वरच्या खोलीतली जुनी मशीनं मी खाली आणून घेतो. ती खोली आता हिची."

झालं! एखादं मशीन दुरुस्तीला ठेवून घ्यावं, तसं त्यांनी तिला ठेवून घेतलं. लेकीच्या काळजात चर्र झालं.

"बस्स? एवढंच? एक सुई मोडली तर घर डोक्यावर घ्यायचात तुम्ही. माझं एवढं झालं आणि तुमचा साधा आवाज चढला नाही. काहीच वाटत नाही का हो तुम्हाला?"

बाबा चटकन उठायला गेले आणि त्यांना गरगरलं. टेबलाची कड धरून ते तसेच उभे राहिले. ही गोळी सुरू झाल्यापासून हे असंच चाललं होतं. जिना चढताना पाय भरून यायचे, उन्हाळ्यातही हात गार. आई धावली. त्यांनी तिला मानेनेच नको म्हटलं.

मग ते लेकीजवळ आले. तिचा तळवा त्यांनी आपल्या छातीवर दाबून धरला. आत ठोके पडत होते, एका चालीत, संथ. कुठे घाई नाही की अडखळणं नाही.

"बघ कसं निवांत चाललंय ते," बाबा म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलं, माणूस चिडला, घाबरला की शरीर हृदयाला निरोप धाडतं, जोरात पळ म्हणून. ही गोळी तो निरोप मधेच अडवते. आता त्याला पळवायचं नाही म्हणाले."

लेकीने हात काढून घेतला नाही.

बाबांचे डोळे काठोकाठ भरले होते. तळव्याखालचे ठोके मात्र तसेच, एका चालीत.

"मला सगळं कळलंय गं पोरी," ते म्हणाले. "छातीतल्या ह्याला तेवढं कुणी कळू देत नाही."