सिलिंडरवरचा चरा

“एकदाही बार काढलेला नाही,” बाबांनी जुन्या बंदुकांच्या दुकानदाराला सांगितलं. लेक सोबतीला आली होती. दुकानदाराने रिव्हॉल्व्हर दिव्याखाली धरलं. “खरंय, सिलिंडरच्या तोंडाला काजळीच नाही. पण आजोबा, भोवतीचा हा चरा बघा. फिरवून फिरवून लोखंड उघडं पडलंय, तेही अलीकडेच. जपमाळ ओढत होतात की काय?” “हाताला चाळा. दुसरं काय!” बाबा हसले नाहीत. आई जाऊन सहा महिने झाले होते. दर रविवारी लेक फोनवर विचारायची, “जेवलात ना?” आणि “झकास!” ऐकून निर्धास्त व्हायची. “चऱ्यामुळे किंमत निम्मी,” दुकानदार म्हणाला. “फुकट घ्या हवं तर,” बाबा म्हणाले, “पण हे परत घरी न्यायला लावू नका.” लेकीने पुन्हा त्या चऱ्याकडे पाहिलं. टॅक्सीत बसल्यावर तिने परस्पर स्वतःच्या घराचा पत्ता सांगितला. पहिल्यांदाच बाबा “कशाला उगाच?” म्हणाले नाहीत.