हॉलपुरतं कॉलेज

आयर्लंडमधल्या गॉलवेच्या मराठी मंडळाचा गणपती दरवर्षी कम्युनिटी कॉलेज नावाच्या सरकारी माध्यमिक शाळेच्या हॉलमध्ये बसत असे.

“हॉल झकास आहे, पण आपला ध्रुव इथे?” आरतीचं तबक फिरवताना अध्यक्ष आशुतोष बायकोला म्हणाला. “अगं, इथे कोणालाही घेतात!”

ध्रुवसाठी त्याने टेकडीवरची नामांकित कॅथलिक शाळा हेरली होती. मुलाखतीची तयारीही पुण्याच्या रीतीने कसून करून घेतली. तिथे गुणपत्रिका कोणी उघडलीदेखील नाही. बाप्तिस्मा झाला आहे का, एवढंच विचारलं आणि नकार दिला.

मग कोट-टाय चढवून तो कॉलेजच्या मुख्याध्यापिकेसमोर बसला. “ध्रुवला जागा मिळेल ना?”

 

“ग्रँड, मिळेल की! काळजी कसली?” बाई मनापासून हसल्या. “आम्ही कोणालाही घेतो.”