बोक्याची भूक

"कान इकडे करा, मावशी." मृदुला चकती घेऊन दारातच उभी होती.

स्वयंपाकाला आलेल्या हौसामावशी मागे सरकल्या. "आज नको, ताई."

मृदुलाच्या बोक्याचं वजन आठ किलोंवर गेल्यापासून त्याचं खाणं निम्मं केलं होतं. त्याने ओरडून घर डोक्यावर घेऊ नये म्हणून त्याची भूक या चकतीतून मावशींकडे वळवली जाई. चकती सकाळी कानामागे चिकटली की संध्याकाळपर्यंत निघत नसे. बोका दिवसभर सोफ्यावर निवांत लोळायचा.

"काल चार पोळ्या गायब होत्या. वर नखरे?"

"खाल्ल्या मी. पण कितीही खाल्लं तरी ती भूक जात नाही, ताई. माझी नाहीच ती."

"संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत थांबता, आणि एका मांजराची भूक सोसत नाही? लावायची नसेल तर उद्यापासून येऊ नका."

"एकदा स्वतः लावून बघा."

"बघतेच. चोरटी कुठली!" मृदुलाने चकती स्वतःच्याच कानामागे दाबली.

दहा मिनिटांत तिने कालचा भात संपवला, मग उभ्या उभ्या अर्धा पाव. तरीही तिची नजर खाली गेली, बोक्याच्या वाटीतल्या सुक्या माशांवर. ती वाकली.

मावशींनी वाटी तिच्या हाताखालून ओढून बोक्यापुढे सरकवली आणि चपला पायात घातल्या.

"चंद्र उगवायच्या आधीच सुटेल चकती, ताई. दम धरा."