कुडपणची उतरण

साठ सालच्या मे महिन्यात कुडपणचा रस्ता करायला महाडहून श्रमदान शिबिराची पोरं आली. त्यांत मुश्ताक सगळ्यांत दांडगा, आणि ते त्याला पुरतं ठाऊक होतं. गावातल्या सोनबाच्या आईला साप डसला, तेव्हा तिला पोलादपूरला न्यायच्या डोलीच्या पुढच्या टोकाला त्यानेच खांदा दिला. मागे सोनबा, आईच्या तोंडाकडे बघत.

"अरे पैलवाना, एकटाच पळतोस काय? मागं मी पण हाय! पायाला पाय मिळव."

मुश्ताक फणकारला. तेवढ्यात डोली हिसकली, आतून कण्हणं आलं, आणि त्याचा ताठा उतरला. मान खाली घालून, सोनबाची पावलं ऐकत तो चालू लागला. अर्ध्या उतरणीवर डोली संथ झाली.

"आता सावकाश चल," सोनबा म्हणाला. "घाई नाय."

जमलं आपल्याला, मुश्ताकला वाटलं.

पोलादपूरच्या डॉक्टरांनी नाडी बघून हात खाली ठेवला. "हिला जाऊन बराच वेळ झालाय."

"सोनबा, मला सांगितलं का नाहीस रे?"

"तुझं पाऊल तेव्हा नुकतंच जुळलं होतं. म्हटलं, उरलेल्या वाटेला तरी आईला हिसका नको."